कापड दुकानाच्या माडीवरची जीजी

शहाद्याच्या बाजारपेठेत एक कापडाचं दुकान आहे. दुकानाच्या मागच्या अंगाला, साड्यांच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत, एक अरुंद जिना वर जातो. मी पहिल्यांदा त्या जिन्याकडे निघाले तेव्हा एका गिऱ्हाईक बाईने माझा हात धरून विचारलं, "काय वं माय, वर सेल लागेल शे का?"

वर सेल नव्हता. वर काही संगणक होते, खिडकीत वाळत टाकलेले पापड होते आणि जीजी होती.

जीजी म्हणजे मारवाडीत थोरली बहीण. खालचं दुकान तिच्या भावाचं. घराणं राजस्थानातून आलेलं, पण इतक्या पिढ्यांपूर्वी की जीजी गिऱ्हाइकांशी अहिराणीत भांडायची आणि आईशी मारवाडीत. आमच्याशी, म्हणजे ऑफिसातल्यांशी, मराठीत बोलायची, पण चिडली की गुजरातीत. ती पुण्याला शिकली, बरीच वर्षं बेंगळुरूच्या मोठ्या कंपनीत होती. आईला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा परत आली आणि दुकानाच्या माडीवर, जिथे पूर्वी दिवाळीचा माल ठेवत, तिथे तिने सॉफ्टवेअरचं काम सुरू केलं. गावातली माणसं म्हणायची, दुकानदाराची बहीण वर बसून काहीतरी टाईप करते.

माझी मुलाखत खालीच, दुकानात झाली. मी कळसाडीची. वडिलांचा ऊस आणि कापूस. शहाद्याच्या कॉलेजातून नुकतीच पदवी घेतलेली. इंग्रजी वाचता यायचं, बोलता यायचं नाही. मी इंग्रजीत स्वतःची ओळख पाठ करून गेले होते. जीजीने ती ऐकलीच नाही. लुगड्यांच्या ढिगावर कोपर टेकवून म्हणाली, "समज, एका माणसाला कळसाडीला तुझ्या घरी यायचंय. वाट सांग."

मी म्हटलं, "कुठून येणार आहे तो?"

"उद्यापासून ये," ती म्हणाली आणि जिना चढून गेलीसुद्धा.

पहिला आठवडाभर मी तिला 'तुम्ही' म्हणत होते. एका दुपारी ती वैतागली. "जीजीला तुम्ही म्हणायचं? कुणी ठरवलं?"

हे तिचं वाक्य. दिवसातून कितीतरी वेळा. ऑफिस दहाला उघडायचं, कुणी ठरवलं? खिडकीजवळची जागा जुन्या माणसाची, कुणी ठरवलं? लग्नात बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, कुणी ठरवलं? लग्नाला जाताना ती घडीची छोटी खुर्ची घेऊन जायची आणि मधल्या वाटेवर, बरोबर फोटोवाल्याच्या पुढ्यात, मांडून बसायची. तिचा भाऊ तिच्याबरोबर लग्नाला जायचं टाळायचा. "ती माझी बहीण आहे, पण लग्नात मी तिला ओळखत नाही," असं तो गिऱ्हाइकांना हसत सांगायचा.

लोकांना वाटायचं, बाई हेकट आहे, भांडायला कारण शोधते. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं. मग एकदा आम्ही दोघी एसटीने अक्कलकुव्याला निघालो होतो. तळोद्याला गाडी थांबली ती हलेचना. जीजी उठली, कंडक्टरकडे गेली. "इथे इतका वेळ थांबायचं कुणी ठरवलं?"

कंडक्टर शांतपणे म्हणाला, "डायव्हरला शुगर आहे ताई. इथे डबा खातात ते. नाहीतर घाटात हात थरथरतात."

जीजी परत येऊन बसली. पुढे एक पुढारी छापाचे गृहस्थ कुरकुर करायला लागले तेव्हा त्यांच्यावर असली उखडली, की ते मागच्या बाकावर जाऊन बसले. त्या दिवशी मला कळलं की तिचा प्रश्न खराखुरा असतो. तिला उत्तर हवं असतं. उत्तर पटलं, की ती त्याची वकिली करायलाही तयार. फक्त बहुतेक ठिकाणी तिला कुणाकडेच उत्तर नाही असं आढळायचं.

आता आमच्या कामाकडे वळते, कारण जीजी मला खरी कळली ती त्या कामात.

एका संस्थेसाठी आम्ही काम करत होतो. ती संस्था डोंगरातल्या गावांमधून सिकलसेलच्या तपासण्या करायची. हा रक्ताचा आजार आमच्याकडे पाड्यापाड्यांत आहे. पोरं थकतात, सांधे दुखतात, बाळंतपणात बाईच्या जिवावर बेतू शकतं. आरोग्यसेविका टॅबवर नोंदी करायच्या. नेटवर्क मिळालं की त्या नोंदी निघायच्या, एका सॉफ्टवेअरमधून जायच्या, त्यातल्या चुका गाळल्या जायच्या, त्या साठवल्या जायच्या आणि शेवटी प्रत्येक माणसाचं एक कार्ड तयार व्हायचं. पाटातून पाणी जावं तशी माहिती एकीकडून दुसरीकडे नेणारं ते सॉफ्टवेअर. आमच्या धंद्यात त्याला पाइपलाइन म्हणतात. ते आम्ही लिहिलेलं नव्हतं. परदेशातल्या काही लोकांनी लिहून जगाला फुकट दिलं होतं, तेच आम्ही वापरायचो.

साठवण क्लाउडमध्ये. क्लाउड म्हटलं की लोक वर बघतात. प्रत्यक्षात ती कुठल्यातरी शहरातली थंडगार इमारत असते आणि ते ठिकाण कुठलं, त्याला रीजन म्हणतात. पावसाळ्याच्या अखेरीस संस्थेकडून निरोप आला: रुग्णांची माहिती देशाबाहेर ठेवायची नाही, मुंबईच्या रीजनमध्ये ठेवा, तोवर नवीन नोंदी बंद. आम्ही शोधलं तेव्हा कळलं, की आमच्या डोंगरातल्या माणसांच्या रक्ताची सगळी माहिती इतके दिवस अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जात होती. आम्ही ते कधी निवडलं नव्हतं. सॉफ्टवेअरच्या पोटातच तेवढं एक नाव लिहिलेलं होतं. दुसरं कुठलं सांगायची सोयच नव्हती.

वेळ थोडा होता. दिवाळी झाली की डोंगरातली घरंच्या घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात. त्याआधी तपासण्या उरकून कार्डं तयार व्हायला हवी होती.

मी ते नाव जिथे जिथे होतं तिथे खोडून मुंबईचं घातलं. चाललं! जेवणाच्या आत काम संपवलं म्हणून मी खुशीत जीजीला दाखवलं.

तिने चष्मा कपाळावर सरकवला. मला कळलं आता काय येणार.

"मुंबई कुणी ठरवलं?"

"संस्थेने!" मी म्हटलं. "त्यांचं पत्रच आहे."

"या संस्थेने. उद्या दुसरी आली तर?"

"तेव्हा बदलू."

"तेव्हा तू असशील इथे? आणि मला सांग, दिवाळीनंतर ही माणसं कुठे जातात?"

"गुजरातेत."

"तिकडे आजारी पडली तर कुठल्या दवाखान्यात जातील? त्या दवाखान्याची साठवण कुठे असेल? माहिती आहे तुला?"

मला माहिती नव्हतं. तिलाही नव्हतं. "मग ज्याला माहिती असेल त्याला सांगू दे," ती म्हणाली. "सॉफ्टवेअरने विचारायचं, कुठे ठेवू? आणि कुणी सांगितलं नाही तर गप्प उभं राहायचं. स्वतःच्या मनाने कुठेतरी नेऊन टाकायचं नाही."

तात्पुरतं मुंबईवर काम चालू ठेवू दिलं तिने, म्हणून नोंदी पुन्हा सुरू झाल्या. पण मला मात्र त्या कामाला जुंपलं. वाटलं होतं तितकं ते सोपं नव्हतं. नोंदी घेणारा भाग, गाळणारा, साठवणारा, कार्ड काढणारा, प्रत्येकाने आपापल्या परीने तेच एक ठिकाण गृहीत धरलेलं. एकीकडे सोडवलं की दुसरीकडे गाठ बसायची. मी दोनदा रडले. जीजीने रडू दिलं, खालून ताक मागवलं, आणि ताक पिऊन झाल्यावर म्हणाली, "आता कुठे अडलंय ते दाखव." शेजारी बसायची, पण कीबोर्डला हात लावायची नाही.

झालं तेव्हा ती म्हणाली, "आता हे त्या लोकांना पाठव. ज्यांचं सॉफ्टवेअर आहे त्यांना. आपल्यापुरतं ठेवून काय करायचं?"

"तू लिही ना जीजी. माझं इंग्रजी..."

"अडचण तुला आली. तूच लिही."

मी लिहिलं. शाळेत रजेचा अर्ज लिहायला शिकवतात तसं, 'रिस्पेक्टेड सर' पासून 'युवर्स ओबिडियंटली' पर्यंत. जीजीने वाचलं, ओठ दाबून हसली, पण एक अक्षर बदललं नाही. तिकडच्या माणसाचं उत्तर आलं: कृपया मला सर म्हणू नका. आणि पुढे: ही सोय नक्की कुणाला लागणार आहे? शिवाय, न सांगितल्यास थांबायचं असं केलं तर जगभरात ज्यांचं आज सुरळीत चाललंय त्या सगळ्यांचं काम एका सकाळी बंद पडेल.

मला वाटलं आता जीजी त्याला गुजरातीत ऐकवणार. तिने ते उत्तर पुन्हा वाचलं. "दुसरं म्हणणं बरोबर आहे त्याचं," ती म्हणाली. "चालणाऱ्या माणसाचं काम आपण का बंद पाडायचं? जुन्यांचं आहे तसं चालू दे, त्यांना फक्त सूचना दे. नव्यांनी मात्र सांगायलाच हवं." ज्या मुद्द्यावर तिने माझ्याशी आठवडाभर वाद घातला होता, तो तिने चहाचा कप खाली ठेवायच्या आत सोडून दिला. मोठ्या माणसांनी असं लगेच मागे सरलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. आमच्या गावात तर नाहीच.

"आणि पहिला प्रश्न?" मी विचारलं. "कुणाला लागणार?"

"ते तुला माहिती आहे. सांग त्याला."

मग मी अर्ज सोडून सरळ लिहिलं. आमच्याकडची माणसं वर्षातले काही महिने एका राज्यात असतात, काही महिने दुसऱ्या. ती ऊस तोडायला जातात. त्यांचा आजार त्यांच्याबरोबर जातो. म्हणून त्यांच्या माहितीलाही जाता आलं पाहिजे, आणि ती कुठे ठेवायची हे आम्हाला ठरवता आलं पाहिजे. व्याकरण चुकलं असेल. पुष्कळ दिवसांनी उत्तर आलं: 'मला हे ठाऊक नव्हतं. सांगितल्याबद्दल आभार.' त्यानंतर त्याने काही दुरुस्त्या सुचवल्या, मी केल्या, आणि एके दिवशी तो बदल जगाच्या सॉफ्टवेअरमध्ये गेला. खाली माझं नाव. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, कारण मला वाटलं होतं तसंच लिहायचं असतं.

संध्याकाळी घरी गेले तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, उसाला पाणी देत होते. मी बांधावर उभी राहून त्यांना सांगितलं. सगळं त्यांना कळलं असेल असं नाही. त्यांनी फावडं रोवलं आणि विचारलं, "म्हंजे आते तुन्हं नाव तठे लिखेल शे?"

"हा आबा. तुम्हनं बी शे."

"मन्हं बी?" त्यांनी पाणी पुढच्या सरीत वळवलं. "कोनी पुसी तं टाकाव नही ना?"

"नही आबा."

त्यानंतर ते माझ्या नोकरीबद्दल कुणाला काही स्पष्टीकरण देईनासे झाले. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "तिले माहीत शे ती काय करस ते." त्या वर्षी घरात माझ्या लग्नाचं चाललं होतं, आणि लग्नानंतर नोकरी सुटणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. आबांनी स्थळ आणणाऱ्या मामांना सांगितलं, पोरीला काम सोडायला लावणारं घर नको. हे त्यांना जीजीने शिकवलेलं नव्हतं, त्यांची तर कधी गाठही पडली नव्हती. पण माझ्या मनात मी ते जीजीच्याच खात्यावर मांडते. माझं नाव तिथे जावं म्हणून ती कीबोर्डपासून हात लांब ठेवून बसली होती.

थंडीत, ऊसतोड ऐन भरात असताना, सीमेपलीकडच्या एका दवाखान्याने संस्थेला विचारलं: तुमच्याकडून आलेल्या मजुरांची कार्डं आमच्याकडे मिळतील का? पण आमच्या साठवणीत टाकावी लागतील, आणि आमची साठवण हैदराबादच्या रीजनमध्ये आहे. संस्थेच्या माणसाने मला भीतभीत फोन केला. "किती महिने लागतील?"

मी सेटिंगमध्ये त्या दवाखान्यासाठी एक ओळ वाढवली. चहा यायच्या आत कार्डं जायला लागली होती. मी जीजीकडे बघितलं. ती आईसाठी औषधांच्या गोळ्या वेगळ्या करत होती. "झालं?" तिने विचारलं, आणि पुन्हा गोळ्या मोजायला लागली.

काही आठवड्यांनी बातमी आली. डोंगरातल्या काठी गावाकडच्या एका पाड्यावरची बाई, दिवस भरत आलेले, ऊसतोडीच्या तळावर अंग दुखून तळमळायला लागली. बरोबरच्यांना वाटलं कळा सुरू झाल्या. दवाखान्यात नेलं. तिथे नाव घातल्यावर कार्ड निघालं: सिकलसेलची रुग्ण. डॉक्टरांना काय करायचं ते कळलं. वेळेत रक्त मिळालं. बाई वाचली, मुलगी झाली, तीही वाचली.

ऑफिसात सगळे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. जीजी उठून माडीच्या आतल्या खोलीत, जिथे तिची आई झोपून असायची, तिथे गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

होळीला सगळा डोंगर घरी परततो. कुठेही गेलेला माणूस होळीला येतोच. होळीच्या आदल्या दिवशी आम्ही संस्थेच्या गाडीतून काठीकडे गेलो, राहिलेल्या तपासण्या आणि जुन्यांची विचारपूस करायला. जीजी एरवी अशा फेऱ्यांना यायची नाही, त्या दिवशी आली. पायात खेळाचे बूट, अंगावर सुती साडी. वाटेत होळीच्या नाचासाठी कमरेला दुधी भोपळे आणि घुंगरं बांधलेल्या पोरांचे घोळके खिदळत चालले होते.

ती बाई झोपडीपुढे बसली होती. मुलगी मांडीवर झोपलेली. त्या पाड्यावरच्या आशा कार्यकर्तीने, आशाताईने, तिला तिच्या बोलीत समजावलं, या दोघींमुळे तुझं कार्ड तिकडे पोचलं. बाईने आम्हाला नीट न्याहाळलं. बरेच महिने गुजरातेत काढलेले, त्यामुळे गुजरातीतच विचारलं, "तमे पोस्टमां छो?"

मी समजवायला तोंड उघडणार, तेवढ्यात जीजीने "हा बेन, एवुं ज," म्हणजे तसंच समज, असं सांगून टाकलं.

बाईचा चेहरा उजळला. आभार वगैरे काही नाही. ती म्हणाली, मग माझ्या बहिणीचं आधार कार्ड का आलं नाही अजून? फोटो काढला, बोटं दिली, पावसाळ्यापासून वाट बघतोय. त्याच्याशिवाय तिला दवाखान्यात प्रत्येक वेळी अडवतात. होळी झाली की ती पुन्हा गाडीत बसून जाणार.

जीजीने बहिणीचं नाव विचारलं, गाव विचारलं. बहीण अक्कलकुव्याजवळ दिलेली. जीजीने ते हातावर पेनाने लिहून घेतलं. मग मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आम्ही निघालो.

मला वाटलं, बाईचं मन राखलं. पण अक्कलकुवा आल्यावर तिने गाडी थांबवली आणि पोस्टात शिरली. मास्तर भला माणूस होता. त्याने कपाटं उघडून शोधलं. कार्ड होतं. पोस्टमन घरी जाऊन आला होता, घराला कुलूप. माणसं ऊसतोडीला. परत पाठवायला मास्तरचं मन झालं नव्हतं, ठेवून घेतलं होतं. पण ज्याचं त्याच्याच हातात देणार. उद्यापासून सुट्टी.

जीजीने आशाताईला फोन लावला. बहिणीला निरोप गेला. ती बाजाराला निघाली होती, जीपमध्ये जागा मिळेल तशी येणार होती.

"तुम्ही जा ताई, मी देईन," मास्तर म्हणाला.

"तुम्ही बंद करून गेलात आणि ती नंतर आली तर?"

मास्तर हसला. जीजी बाकावर बसली. मी तिच्या शेजारी. बंद व्हायची वेळ झाली, होऊन गेली. मास्तरने शटर अर्धं ओढलं आणि तोही खुर्ची घेऊन बसला. रस्त्यावर होळीची गर्दी, भरलेल्या जीपा, टपावर माणसं. उन्हं समोरच्या घरांच्या पत्र्यांवर गेली, मग पत्र्यांवरूनही उतरली.

मग ती आली, धापा टाकत, एका हातात गुळाची भेली. मास्तरने पाकीट दिलं. तिने तिथेच फोडलं, स्वतःचा फोटो बघितला, तोंडावर पदर धरून खूप हसली, आणि आमच्याकडे न बघता पायऱ्या उतरून गर्दीत गेली. आम्ही कोण, कशाला बसलोय, तिला माहीत असायचं कारणच नव्हतं.

शहाद्याला पोचेपर्यंत अंधार झाला होता. जीजीने मला स्टँडवर सोडलं आणि "उद्या होळी, येऊ नकोस" म्हणाली.

आता ते ऑफिस माडीवर नाही. आई गेल्यावर जीजी राजस्थानातल्या मूळ गावी गेली, जाताना सगळं काम माझ्या हवाली करून. मी फोन केला तर उचलत नाही. तिला वाटलं की तीच करते. जेव्हा जेव्हा मी तिचे आभार मानायचा प्रयत्न केला तेव्हा तेव्हा तिने विषय बदलला. म्हणून इथे लिहून ठेवलं.

आणि एक. जीजी जैन घरातली. सूर्य मावळल्यावर ती पाण्याच्या घोटापलीकडे काही घ्यायची नाही, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवशी पोस्टाच्या बाकावर बसून माझ्या ते ध्यानातही आलं नाही. सकाळपासून तिने एका चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. होळीनंतर दुकानात गेले तेव्हा तिच्या वहिनीने सांगितलं. ताट वाढून ठेवलं होतं, तसंच उचलावं लागलं. उशीर का झाला विचारलं, तर म्हणाली, "पोस्टात काम होतं."